‘गटाचं सगळं काम मलाच करावं लागतं’

सातवीतल्या मुलीच्या आईने समुपदेशनात विचारलेला प्रश्न बऱ्याच घरांतून येतो : ‘शाळेत प्रकल्पातून शिकवणं सुरू झाल्यापासून हिचं पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. गटातून काढून हिला एकटीला प्रकल्प करू द्या, असं शाळेला सांगू का?’ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिलं काम कॅलेंडरचं. तीन आठवडे, दुखलं की खूण आणि वेळ, बाकी उलटतपासणी नाही. खुणा पडल्या त्या सोमवारी आणि गुरुवारी, शाळेची बस यायच्या आधी. गटकामाच्या तासिका नेमक्या त्याच दिवशी होत्या. अशी पोटदुखी खरी असते, हे मुलीला स्पष्ट सांगावं लागतं. घरात ‘नाटक’ हा शब्द एकदा निघाला की मूल पुढचं काही सांगत नाही.

पुढचं असं होतं : गटात सात जण, विषय ‘पाणी वाचवा’. दोघं माहिती छापून आणणार, तिघं ‘मदत’ करणार, एक जण सतत गैरहजर. तक्ता हिच्या घरी, रात्री अकरापर्यंत, त्यावरचं अक्षर आईचं. श्रेणी मात्र सातही जणांना एकच.

‘पाणी वाचवा’ ही घोषणा झाली, प्रश्न नव्हे. घोषणेतून तक्ताच निघतो आणि एका तक्त्यावर सात हात चालत नाहीत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली, तिचा गाभा होता मुलांनी मनापासून, हेतू ठेवून केलेली कृती. थर्माकोल आणि चमकी नंतर कुठून आली कोण जाणे!

मुलीचाही यात वाटा होता. कुणाचं अक्षर वाकडं आलं की ती त्याच्या हातातून स्केचपेन काढून घ्यायची. दोघांनी काम सोडलं ते त्यानंतर. हे आईसमोर काढायचं नसतं. मुलीशी एकटीशी बोलताना, पेन काढून घेण्याऐवजी गटातल्या मुलांना म्हणायचं एक वाक्य ठरलं आणि तिने ते मोठ्याने म्हणून पाहिलं : ‘ही नोंद तुझी आहे, गुरुवारी लागेल, कुठे अडलंय?’

एकटीने प्रकल्प करण्याचा मार्ग नाकारला. टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं आणि पुढच्या गटकामाची धास्ती वाढते. गटात चिडवणं किंवा मारहाण असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी गट बदलायचा.

मग, मुलीची आणि आईची संमती घेऊन, वर्गशिक्षिकेशी बोलणं झालं. त्यांची अडचण रास्त होती : ‘पोर्शन कधी पुरा करू?’ धडा शिकवून झाल्यावर वर प्रकल्प लादला तर पोर्शन रखडणारच. प्रकल्प धड्याच्या जागी यायला हवा. म्हणून १२ तासिका धरल्या, त्यातल्या चार गणिताच्या, सरासरी आणि एककांचं रूपांतर शिकवायच्या. प्रश्न असा : शाळेतल्या गळक्या नळांतून महिन्याला किती पाणी जातं आणि आधी कोणता नळ दुरुस्त करावा?

गट चौघांचे. प्रत्येकाचा नळ ठरलेला, वही स्वतंत्र. नळाखाली एक लिटरची बाटली, हातात घड्याळ. बाटली १२ मिनिटांत भरली तर तासाला ५ लिटर, दिवसाला १२०, तीस दिवसांत ३,६०० लिटर. एकाची नोंद राहिली की गटाची बेरीज अडते, त्यामुळे ‘मदत’ करणाऱ्यांना जागाच उरत नाही. गैरहजेरीवर उपाय म्हणून प्रत्येक नळ आणखी एकाने वेगळ्या वेळी मोजायचा.

गडबड इथेच झाली. दोघांचे आकडे जुळेनात, म्हणून एका गटाने वहीत खाडाखोड करून जुळवले. खरं तर सकाळी टाकी भरलेली, दुपारी पातळी उतरलेली, म्हणून दाब कमी आणि गळतीही कमी. मोजणी बरोबरच होती! त्यानंतर प्रत्येक नळाच्या तीन नोंदी, वेळेसह, पेनाने आणि खाडाखोड न करता लिहायच्या ठरल्या. आकडा का बदलला, यावर एक अख्खी तासिका गेली. ती जाऊ द्यावी.

निम्मे गुण गटाला, निम्मे ज्याचे त्याला : वही आणि दोन मिनिटांची तोंडी. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवतानाच वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि प्रकल्प ही साधनं आधीपासून आहेतच, वेगळा तक्ता आखावा लागला नाही. सादरीकरणाची तयारी शाळेतच करायची, कागद घरी न्यायचा नाही.

पुढच्या महिन्यात कॅलेंडरवर दोन खुणा होत्या, त्यातली एक घटक चाचणीच्या दिवशीची. आईने विचारलं, ‘मग घरून काहीच करायचं नाही का?’

एक लिटरची रिकामी बाटली द्यायची, धुऊन.