स्कोलिओसिसला ‘कुबड’ म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा आहे की पालकांसाठी माहितीपत्रक मराठीत करायचंय, तर त्यात स्कोलिओसिसला, म्हणजे कणा बाजूला वाकतो त्याला, ‘कुबड’ किंवा ‘पोक’ लिहावं का. माझं मत विचाराल तर कुबड नको आणि पोक तर अजिबातच नको.

कुबड म्हणजे पाठ मागे फुगते ते, त्याला डॉक्टर कायफोसिस म्हणतात. स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला झुकतो, एक्स-रेत एस नाहीतर सी काढल्यासारखा दिसतो. ग्रीकमध्ये स्कोलिओस म्हणजे वाकडा, शब्द तिथून आलाय.

पोकाची गडबड क्रियापदात आहे. पोक ‘काढतात’, म्हणजे काढणारा कुणीतरी असतो, आणि "पोक काढून बसू नकोस" असं दटावलं की तेवढ्यापुरता तो जातोही. स्कोलिओसिस मूल काढत नाही हो, त्याला तो होतो! दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडं बसल्याने होत नाही, आणि वयात येताना जो जास्त करून दिसतो त्याचं तर नेमकं कारण सापडतच नाही. शब्द चुकला की पोराला उगाच बोलणी बसतात.

‘पार्श्वकुब्जता’ अर्थाने बरोबर आहे, पार्श्व म्हणजे बाजू, पण आपल्याला पार्श्वभूमी माहीत असल्याने पार्श्व म्हणजे मागचं असंच वाटतं, त्यामुळे फिरून कुबडच डोळ्यासमोर येतं.

मी ‘कण्याला बाक आणि पीळ’ असं लिहीन. पीळ सोडू नका, कारण मणके बाजूला जाता जाता स्वतःभोवती फिरतातही. म्हणून तर मुलाला पाय जुळवून पुढे वाकायला लावतात आणि मागून बघतात, एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या दिसतात. नुसता ‘बाक’ लिहिला तर हे का करायचं ते कळणार नाही. कंसात स्कोलिओसिस राहू द्या, रिपोर्टवर तोच असतो.

अजून एक, यासाठी धडाभोवती जो ब्रेस घालतात त्याला ‘पट्टा’ म्हणू नका, तो कडक प्लास्टिकचा असतो. आणि ब्रेस कणा ‘सरळ करतो’ असंही नको, ‘बाक वाढू देत नाही’ लिहा. बाक 10 अंशांच्या पुढे गेला की स्कोलिओसिस धरतात, ब्रेस साधारण 25 ते 40 अंशांना आणि तोही उंची वाढायची बाकी असेल तरच. 45-50 च्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो, आणि त्याला ऑपरेशनच लिहा, शल्यकर्म वगैरे नको.