घोड्याच्या बाजूनं साक्ष देताना

प्रिय पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. खंगलेली घोडी, वर वळलेली खुरं, कोरडी पडलेली टाकी आणि रोज शेजारून जाऊनही तिच्याकडे न बघणारा मालक. रात्री जाऊन दावं कापावं आणि तिला घेऊन यावं असं वाटतं, असं तू लिहिलंस. तुझा संताप खरा आहे, तो कमी करायला मी सांगणार नाही. पण दावं कापू नकोस.

रात्री नेलेली घोडी कायद्याच्या नजरेत चोरीचा माल ठरते. मालक फिर्यादी होतो आणि तू आरोपी. घोडी त्याच्याच ताब्यात परत जाते. तिच्या हालांचा पुरावा तिच्या अंगावर होता, त्या जागेवर होता. ती जागाच मोडल्यावर दाखवायला काही उरत नाही. पैसे देऊन तिला विकत घ्यायचा मोहही होईल. त्या पैशातून तो दुसरं घोडं आणेल आणि त्याच दावणीला बांधेल. असं होताना मी पाहिलं आहे. तुझी घोडी वाचते, पण पुढच्या घोड्याच्या हालांची सोय आपणच करून देतो.

घोड्यांना सोडवण्याच्या या कामात पडलेल्या माणसाला आधी साक्षीदार व्हावं लागतं. घोड्याला बोलता येत नसलं तरी त्याचं शरीर फार नेमकं सांगत असतं. ते वाचायचं, लिहून ठेवायचं आणि न्यायालयात टिकेल अशा रूपात पोचवायचं, एवढं तुझ्या हातात आहे.

सुरुवात हातानं चाचपण्यापासून कर. डॉन हेनेके या संशोधकांनी टेक्सासमध्ये काम करताना १९८३ साली घोड्याच्या अंगावरच्या चरबीची १ ते ९ अशी श्रेणी मांडली. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ या सहा ठिकाणी दाबून बघायचं. ५ म्हणजे ठीकठाक, १ म्हणजे हाडांवर ताणलेलं कातडं. नजरेवर विसंबू नकोस. थंडीतली दाट लव बरगड्या झाकते आणि जंतांनी फुगलेलं पोट पाहून घोडं भरलेलं वाटतं. ‘घोडी फार बारीक होती’ असं तू सांगितलंस तर ते तुझं मत ठरेल. ‘अमुक तारखेला, दोघांनी स्वतंत्रपणे चाचपून, श्रेणी २’ असं लिहिलेलं असलं की उलटतपासणीत त्याला हलवणं अवघड जातं. जवळ जाशील तेव्हा खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. घोड्याला थेट मागचं आणि अगदी नाकापुढचं दिसत नाही, आणि अशक्त घोडंही घाबरलं की लाथ मारतं.

मग खुरांकडे ये. मला विचारशील तर सगळ्यात प्रामाणिक साक्ष त्यांचीच. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतं, म्हणजे केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवं खूर यायला वर्षाच्या आसपास लागतं. मधे उपासमार, ताप किंवा खुरांची सूज होऊन गेली असेल तर तिची आडवी वळी खुरावर उमटलेली असते. मागच्या वर्षाची रोजनिशीच समज. नालबंदानं सहा ते आठ आठवड्यांनी खुरं साळायची असतात. चपलेसारखी पुढे येऊन वर वळलेली खुरं दाखवून कुणी म्हणालं की ‘मागच्या आठवड्यापर्यंत सगळं नीट होतं’, तर ते खोटं आहे हे खुरंच सांगतात. फोटो काढताना खुराशेजारी मोजपट्टी ठेव. पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तेही टिपून घे. तिथे आधी जखम होती, ती भरली आणि केस पांढरे आले. तिथेच वर ओली जखम असेल तर दुखऱ्या जागेवर पुन्हा खोगीर चढवलं गेलं आहे.

इथे थोडं थांब, कारण बारीक घोडं म्हणजे उपाशी ठेवलेलं घोडं असं दर वेळी नसतं. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात. कडांना टोकं येतात, गाल आणि जीभ सोलली जाते, मग म्हातारं घोडं वैरण तोंडात घोळवून तिचे बोळे खाली टाकतं. त्याच्यापुढे चांगली वैरण पडलेली असते आणि तरी ते खंगत जातं. जंत असतात, मूत्रपिंडाचे, यकृताचे आजार असतात. म्हणून आरोप करण्याआधी पशुवैद्याकडून तोंड उघडून तपासणी, रक्त आणि शेणाची चाचणी करून घे. जंताचं औषध देण्याआधी शेणाचा नमुना घ्यायचा, नंतर घेऊन उपयोग नाही. आजार निघाला म्हणून मालक सुटतो असंही नाही. महिनोन्‌महिने झडत चाललेल्या घोड्याला वैद्य दाखवला नाही, ही हयगयच आहे. पण कोणती हयगय ते आपल्याला अचूक सांगता आलं पाहिजे. उलट टोकही लक्षात ठेव. चरबीनं मानेवर गादी आलेलं, खुरांच्या सुजेनं पाय उचलता न येणारं तट्टूही हालातच असतं, फक्त त्याच्याकडे पाहून कुणाला कळवळा येत नाही.

फोटो दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून, घोड्याच्या उंचीवरून. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, त्यावर काही खुणा करायच्या नाहीत. नुसत्या घोड्याचे नकोत, जागेचेही हवेत: पाण्याची टाकी, वैरणीची कोठी, चिखल, तार. झाडाची साल ओरबाडलेली, लाकडाचे खांब कुरतडलेले दिसले तर तेही घे; पोटात काही नसलं की घोडी लाकूडही चघळतात. हे सगळं रस्त्यावरून किंवा परवानगीनं. आत शिरायचं असेल तर पोलिसांबरोबर, अधिकारी आणि पशुवैद्य सोबत असताना, पंचनाम्यात. मालक नक्की कोण, हेही त्याच वेळी शोध. प्रकरण उभं राहिलं की ‘घोडी माझी नाहीच’ हे पहिलं वाक्य असतं. कातड्याखाली बसवलेली ओळखीची चिप, डागून उमटवलेली खूण, विक्रीचे कागद, वैद्याची जुनी बिलं, तिच्या कामाचे पैसे कुणाच्या खिशात जातात, यातलं काहीतरी हाती लागतं. आणि खटला चालू असताना मालकाचं नाव-पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नकोस. जमाव त्याच्या दारात गेला की सहानुभूती त्याच्याकडे वळते आणि घोडी रातोरात दुसरीकडे हलवली जाते.

आता समज, रीतसर ताबा मिळाला आणि घोडी तुमच्या संस्थेच्या तबेल्यात आली. जीव वाचवायच्या भरात घोडं मरतं ते इथे. सगळे मायेनं धावतात, कुणी चंदीची, म्हणजे दाण्याची, पाटी पुढे ठेवतं, कुणी गुळाचं पाणी. तसं होऊ देऊ नकोस. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात धान्यातला स्टार्च एकदम गेला की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदय आणि श्वास कोलमडतात, बहुधा पहिल्या तीन ते पाच दिवसांत, कधी दहाव्या दिवसापर्यंत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर वेगवेगळे आहार करून पाहिले आणि लसूणघासाची वाळलेली, पानं भरपूर असलेली वैरण सर्वांत सुरक्षित ठरवली. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा. मग हळूहळू माप वाढवत आणि वेळा कमी करत दहाव्या दिवसापर्यंत यायचं. पाणी कायम पुढे. धान्य कित्येक आठवडे नाही. वजन पूर्ववत व्हायला तीन ते पाच महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. पहिले दोन-तीन आठवडे तिला इतर घोड्यांपासून वेगळी ठेव, बादल्या आणि खराऱ्याचं सामानही वेगळं. गळ्याच्या गाठींचा रोग तबेलाभर पसरायला एक बादली पुरते.

दर आठवड्याला त्याच वाराला, त्याच जागी फितीनं माप घे आणि फोटो काढ. औषधाशिवाय, साध्या वैरणीवर आणि पाण्यावर घोडी भरत गेली, तर ‘ती म्हातारी आहे, तिच्या अंगी काही लागत नाही’ या बचावात काही उरत नाही. मला न्यायालयात सगळ्यात उपयोगी पडलेला कागद हाच: तारखा, सेंटिमीटर आणि त्यापुढे एकच शब्द, वैरण. आणि घोडी दगावली तर अश्रू आवरून शवविच्छेदन करून घ्यायचं. त्या दिवशी ते फार निष्ठुर वाटतं, तरी करायचं.

मालकाबद्दल तू जे लिहिलं आहेस, त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. तू सगळ्यांना कसाई म्हणतेस. मला भेटलेल्यांत काही तसे होते: लंगडणाऱ्या घोड्याला सुजेचं औषध टोचून कामाला जुंपणारे, एक मेलं की दुसरं आणणारे. पण त्यांच्याहून जास्त भेटले ते अंथरुणाला खिळलेले, कर्जात बुडालेले, नवरा गेल्यावर त्याची घोडी गळ्यात पडलेल्या बायका, किंवा खुरं साळावी लागतात हेच ठाऊक नसलेली माणसं. घोडीला होणारं दुःख दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे घोडीसाठी करायचं त्यात फरक नको. फरक मालकाशी वागण्यात हवा, आणि तो त्याच्या चेहऱ्यावरून किंवा रडण्यावरून ठरवायचा नाही. लेखी सूचना दे: आज पाणी, तीन दिवसांत वैद्य, आठवड्यात नालबंद. तारीख घाल, त्याची सही घे, आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा जा. ज्याला ठाऊक नव्हतं तो बहुतेक वेळा करतो. ज्याला जमत नाही तो कागदावर सही करून घोडी सोडून देतो, आणि तेही चांगलं आहे. सांगून, मदत देऊ करूनही ज्याची टाकी कोरडी राहते, त्याच्यावर मात्र पूर्ण ताकदीनं खटला चालव. तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ हा दरवाजा त्यानंच बंद केलेला असतो.

कायद्याचं बळ देशोदेशी वेगळं आहे, तुझ्या हाती कोणतं आहे ते नीट वाच. ब्रिटनमध्ये १८२२ साली खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या खटपटीनं घोड्यांना आणि गुराढोरांना क्रूरपणे वागवणं गुन्हा ठरलं. पण पुढे दीर्घकाळ जनावराचे हाल झाल्याचं दाखवल्याशिवाय फारसं काही करता येत नसे. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानं ते बदललं: जनावराच्या गरजा भागवणं हेच मालकाचं कर्तव्य ठरलं, त्यामुळे हाल टोकाला जाण्याआधी हात घालता येतो. भारतातल्या प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ खाली पुरेसं अन्नपाणी आणि निवारा न देणं, कामाला अयोग्य जनावर जुंपणं हे गुन्हेच आहेत, पण दंड पहिल्या खेपेला ५० रुपयांपर्यंत. म्हणून त्याच कायद्याच्या कलम २९ कडे तुझ्या वकिलाचं लक्ष वेध. दोषी मालकाकडून जनावर काढून घेण्याचा आणि त्याला पुन्हा जनावर ठेवायला मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाला तिथे आहे. दंड भरून माणूस घरी जातो. मनाईमुळे त्याचा तबेला रिकामा राहतो. मागायचं असेल तर ते माग.

हे सगळं मागताना तुमच्या स्वतःच्या तबेल्यातही फिरून ये. इंग्लंडमधल्या स्पिंडल्स फार्म नावाच्या एका तबेल्यातून २००८ साली हालात ठेवलेली शंभराहून जास्त घोडी, तट्टं आणि गाढवं बाहेर काढावी लागली, तेव्हा एका संस्थेला ते पेललं नसतं. अनेक संस्थांनी जनावरं वाटून घेतली. जागा आणि माणसं नसताना नाही म्हणायला शीक, फोन करून दुसरी संस्था शोधायला शीक. वैरणीला पैसे पुरत नसताना चाळीसावं घोडं आत घेणाऱ्या दयाळू माणसांच्या तबेल्यातही मी श्रेणी २ ची घोडी चाचपली आहेत. त्यांनाही मी तशीच लेखी सूचना दिली. काही घोडी परत येण्याच्या पलीकडे गेलेली असतात. वैद्य तसं म्हणाला आणि दुसऱ्या वैद्यानं दुजोरा दिला, तर त्यांना शांतपणे निरोप देणं हीही सुटकाच आहे, आणि त्याबद्दल तुला कुणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव.

बरी झालेली घोडी नव्या घरी देशील तेव्हा मालकी संस्थेकडेच राहील असा करार कर: विकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, झेपत नसेल तर परत आणायची, आणि आम्ही न कळवता कधीही येऊन बघू. पहिल्या वर्षी तरी तसं खरंच जात जा, आणि गेलीस की हात खिशात ठेवू नकोस, सहाही ठिकाणी दाबून बघ.

तुझे,
सर