जवाईच्या खडकावर बिबट्याचं कुटुंब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोव्हेंबरात राजस्थानात जवाईला संध्याकाळच्या सफारीत खडकावर बिबट्याची मादी आणि दोन पिल्लं दिसली. दहा मिनिटं पिल्लं तिच्या अंगावर उड्या मारत होती. मग दुसऱ्या बाजूने आणखी दोन जिप्सी आल्या आणि मादी पिल्लांना घेऊन कपारीत गेली. आमचं काही चुकलं का? पिल्लांचं वय कसं ओळखायचं?

मादी एकटीच उठून गेली असती, तर शिकारीची वेळ झाली असं म्हणता आलं असतं. ती पिल्लांना घेऊन आत गेली, याचा अर्थ तिला तिथे सुरक्षित वाटेना. कारण बहुधा तुमच्या प्रश्नातच आहे : गाड्या दुसऱ्या बाजूने आल्या. एका बाजूला उभ्या असलेल्या गाड्या मादी बराच वेळ खपवून घेते, पण दोन्ही बाजूंनी वेढल्यासारखं झालं किंवा कपारीची वाट अडली की ती थांबत नाही. मादी आणि पिल्लू यांच्या मध्ये गाडी येणं ही तर सर्वांत मोठी चूक.

मादीला त्रास होतोय हे ती उठण्याच्या आधीच दिसतं. निवांत असली की ती पिल्लांना चाटते, डोळे मिटते, शेपटी खडकावरून सैल लोंबत असते. बिनसलं की चाटणं मध्येच थांबतं, नजर एकाच गाडीवर खिळते, शेपटीचं टोक फटकारे मारू लागतं, मग कान मागे जातात आणि डोकं खाली येतं. शेपटी हलू लागली की तिथेच थांबायचं, एक फूटही पुढे जायचं नाही. कान मागे गेले तर निघायचं. गाडी सुरुवातीलाच लांब लावून इंजिन बंद करावं. 'थोडं पुढे घ्या' म्हणत दर दोन मिनिटांनी इंजिन चालू-बंद करणं हे एका जागी उभ्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट. आणि अंधार पडल्यावर पिल्लांच्या डोळ्यांवर स्पॉटलाइट मारू देऊच नका. ड्रायव्हर उत्साहात असला तरी 'बंद करा' म्हणायचा हक्क तुमचा आहे.

आता वय. पिल्लांचे डोळे जन्मानंतर आठ-दहा दिवसांत उघडतात आणि पहिले सहा-आठ आठवडे आई त्यांना कपारीत लपवूनच ठेवते. त्यामुळे उघड्यावर खेळणारी पिल्लं सहसा दोन महिन्यांच्या पुढची असतात. मांजराएवढं अंग, करडी झाक आणि निळसर डोळे असतील तर नुकती बाहेर पडू लागलेली. वर्षाचं पिल्लू आईच्या उंचीला येतं, पण चेहरा अरुंद आणि मान बारीक राहते. पिल्लं साधारण दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात. म्हणून 'नर-मादीची जोडी दिसली' असं सांगितलं जातं, तेव्हा पुष्कळदा ती आई आणि वाढलेलं पिल्लू असतं. पूर्ण वाढलेला नर रुंद डोक्याचा, जाड मानेचा असतो.

पुढच्या वेळी मादी चालू लागली की शेपटीकडे बघा. पिल्लं मागे असताना ती शेपटीचं टोक वर वळवते, खालचा पांढरा भाग उघडा पडतो आणि झाडोऱ्यात पिल्लं त्या पांढऱ्या खुणेमागे चालतात. फार देखणं दृश्य असतं ते.

प्रश्न : ताडोबाला तीन वेळा गेलो, बिबट्या एकदाच ओझरता दिसला. बिबट्यासाठी कुठे जावं?

ताडोबात वाघ भरपूर, आणि वाघ जिथे तिथे बिबट्या दबकून राहतो. तिथे त्याला झाडाच्या आडव्या फांदीवर शोधा आणि वानरांच्या खॅक-खॅक ओरडण्याकडे कान ठेवा. वानर एकाच दिशेला बघत ओरडत राहिलं, तर ते सहसा खोटं नसतं. जवाईत वाघ नाहीत. ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या असल्यामुळे बिबट्या लपला तरी बाहेर येताना दिसतो. थंडीत सकाळी उन्हासाठी तो खडकावर येऊन बसतो. जयपूरच्या झालाना जंगलातही वाघ नाहीत. पिल्लांसकट मादी बघायची असेल तर आमचं मत जवाईच्या बाजूने, पण किमान चार सफाऱ्या धरून जा.

प्रश्न : संध्याकाळचे माझे फोटो हलतात, बिबट्या काळपट येतो. काय करू?

बीन बॅगमध्ये (कॅमेरा टेकवायच्या पिशवीत) दोन किलो तांदूळ भरा, ती गाडीच्या दांड्यावर ठेवा आणि इंजिन बंद करायला सांगा. पिल्लं खेळत असतील तर शटरचा वेग 1/500 सेकंदापेक्षा कमी नको. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) 3200 किंवा 6400 होऊ द्या, दाणे आलेला फोटो चालतो, हललेला नाही. फिकट खडकामुळे कॅमेरा फसतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा स्टॉप, म्हणजे +0.5, वाढवा. फ्लॅश नको.

प्रश्न : आमच्या जुन्नर भागात ऊसतोडीत पिल्लं सापडतात. उचलून घरी आणावीत का?

नाही. आई बहुतेक वेळा जवळच्या फडात असते. त्या तुकड्यातली तोड थांबवा, माणसं मागे घ्या, पिल्लांना हात लावू नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. अंगावर दाट ठिपके नसून फिकट पट्टे असतील, तर ती रानमांजराची पिल्लं असू शकतात. ती ओळख पटवणंही वनविभागावर सोडा. तपासणी झाली की कर्मचारी पिल्लं क्रेटमध्ये घालून दिवस मावळायच्या आत सापडली त्याच जागी ठेवतात आणि ट्रॅप कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावतात. आई रात्री येऊन त्यांना तोंडात धरून नेते. फसतं ते गर्दीमुळे. बघे, बॅटऱ्या आणि मोबाइल घेऊन बांधावर माणसं थांबली की आई फडाच्या कडेपर्यंत येऊन परत फिरते. पहिल्या रात्री नाही आली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करतात. तोवर त्या फडाकडे कोणी फिरकू नये, कुत्रीही बांधून ठेवावीत.