यंत्र-तंत्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे, ट्रॅक्टर 2009 चा. एक जण ड्रममधून स्वस्तात बायोडिझेल देतो. चिखलणीच्या वेळी निम्मं डिझेल, निम्मं हे असं घातलं. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरची ओढ कमी झाली, फिल्टर काळाकुट्ट निघाला. इंजिन खराब झालं का?

उत्तर : भाऊ, एवढ्यात घाबरू नका. बायोडिझेल टाकी धुऊन काढतं. इतक्या वर्षांचा तळाचा गाळ सुटला आणि फिल्टरमध्ये येऊन बसला. टाकी रिकामी करून पुसून घ्या, फिल्टर बदला आणि एक जादा घरात ठेवा. तो पुन्हा लवकर तुंबेल.

पण निम्मं-निम्मं नको. 100 लिटरला 20 लिटरच्या वर जाऊ नका. जुन्या रबरी नळ्या जादा बायोडिझेलमध्ये फुगून मऊ पडतात, मग सांध्यातून गळती.

मला खरी काळजी त्या ड्रमची आहे. बेळगावच्या उद्यमबागेत 28 वर्षं इंजिनात डिझेल फवारणारे नोझल आणि डिझेलचे पंप उघडतोय मी. हॉटेलचं तळलेलं तेल नुसतं गाळून बायोडिझेल म्हणून खपवलेलं कितीदा बघितलं, आणि दर वेळी नोझलच्या तोंडावर कोळसा. असं प्रक्रिया न केलेलं खाण्याचं तेल डिझेलच्या दहापट दाट असतं, त्याचा नीट फवारा होतच नाही. करंजाचं असो की पामचं, तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं तरच ते बायोडिझेल.

बोटावर घेऊन बघा. खाण्याच्या तेलासारखं चिकट लागलं तर परत करा. पातळ असेल तर काचेच्या बाटलीत निम्मं पाणी, निम्मं ते घालून जोरात हलवा. अर्ध्या तासानंतरही मधे दुधासारखा थर राहिला तर आत साबण आहे किंवा प्रक्रिया अर्धवट झालीय. एवढ्यावर खात्री होत नाही. रॉकेल मिसळलेलंही पातळच लागतं. म्हणून विकणाऱ्याकडे आयएस 15607 चा, म्हणजे बायोडिझेलच्या भारतीय मानकानुसार केलेला, तपासणी अहवाल मागा. देत नसेल तर स्वस्त असलं तरी घेऊ नका. एका पंपाच्या दुरुस्तीत सगळी बचत जाते.

पामचं असेल तर जानेवारीच्या पहाटे तुमच्याकडच्या थंडीत ते गोठायला लागतं, तेव्हा साधं डिझेलच घाला. आणि ड्रम पावसाळाभर गोठ्यात ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, तळाशी शेवाळासारखा चिकटा धरतो आणि ऐन लावणीत ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो.