पहिल्याच सप्टेंबरला एकट्याने सात मैल आत? जरा थांबा

तुम्ही विचारलंय की डेन्व्हरला येऊन दोन वर्षं झाली, कंपाउंड बो (कप्प्या लावलेलं धनुष्य) घेतलाय, ६० यार्डांवर सगळे बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात, आणि आता सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स या डोंगरी पठाराच्या पब्लिक (सरकारी, सगळ्यांना खुल्या) जंगलात एकट्याने सात मैल आत जाऊन एल्क मारायचाय, तर नेमकं कुठं जाऊ. जागेचं शेवटी सांगतो, पण त्या सात मैलांनी मला तुमची खरंच काळजी वाटली म्हणून सविस्तर लिहितोय. मी इथं १२ वर्षं धनुष्यानेच शिकार करतोय, त्यात एल्क मिळाले चार. म्हणजे बाकीची आठ वर्षं रिकाम्या हाताने घरी आलो आणि पब्लिक जमिनीवर हे अगदी नॉर्मल आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी काही मिळालं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

आधी वजनाचं बोलू. एल्क म्हणजे आपल्याकडच्या सांबराहून बराच मोठा प्राणी, मादी साधारण २२५ किलो आणि मोठा नर ३०० किलोच्या पुढे. मादीचं हाडं काढून निव्वळ मटण धरलं तरी ७० किलोच्या आसपास होतं. एका फेरीत पाठीवर २५ किलो नेलेत तरी मटणाच्याच तीन फेऱ्या, आणि सात मैल आत असाल तर बाहेर, परत आत, परत बाहेर, परत आत आणि परत बाहेर असे ३५ मैल झाले. तंबू-सामान आणायला अजून एकदा आत-बाहेर, म्हणजे सगळे मिळून ४९. नर मिळाला तर आणखी एक फेरी. आणि हे सगळं कुठं, तर दहा हजार फुटांवर. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, आणि आपलं डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर आहे, तिथून गाडीने अजून दोन-तीन हजार फूट चढून गेलं की मग चालायला सुरुवात. सह्याद्रीतला दम इथं तसाच्या तसा कामाला येत नाही. शिवाय फ्लॅट टॉप्सचा आतला भाग वाइल्डरनेस म्हणजे राखीव रान आहे, तिथं बाइक नाही, एटीव्ही (रानात चालणारी छोटी मोटारगाडी) नाही, मटण न्यायची चाकांची गाडीसुद्धा चालत नाही, सगळं पाठीवर किंवा घोड्यावर. सप्टेंबरमध्ये रात्री गारठा असतो पण दुपारी चांगलं ऊन लागतं, आणि तुमची तिसरी फेरी होईपर्यंत मागं राहिलेलं मटण खराब झालेलं असेल. इथल्या कायद्याने खाण्याजोगं मटण जंगलात टाकून येणं गुन्हा आहे, पण कायदा राहू द्या, इतका मोठा जीव घ्यायचा आणि तो कुजवायचा हे मला सहन होत नाही, तुम्हालाही होणार नाही.

म्हणून पहिल्या वर्षी दीड-दोन मैलांच्या आत राहा. लोकांना वाटतं एल्क फार आतच असतात, पण तसं नाहीये. रस्त्यापासून मैलभरावरच एखादी खडी, पडक्या झाडांनी भरलेली उत्तरेकडची उतरण असते, तिथं कोणी जात नाही कारण दर चार पावलांवर ओंडका ओलांडावा लागतो. फ्लॅट टॉप्समध्ये तर १९४० च्या दशकात किड्याने स्प्रूसची (सूचिपर्णी झाडांची) जंगलंच्या जंगलं मेली होती, पडलेल्या खोडांतून चालणं म्हणजे काय ते तिथं कळतं. एल्क दिवसा अशाच दाट सावलीत बसतात. खाणं, पाणी आणि ही सावली तिन्ही जवळजवळ असलेली जागा नकाशात शोधा आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीनदा जाऊन बघून या.

आता वारा. हे नीट वाचा, कारण माझी पहिली तीन वर्षं मला हे न कळल्यामुळे गेली. एल्कने तुम्हाला बघितलं तरी कधीकधी तो थांबून विचार करतो, आवाज ऐकला तर दुसरा एल्क असेल असं समजतो, पण वास आला की संपलं, अख्खा कळप दरी ओलांडून निघून जातो. डोंगरात वारा हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो तसा वाहत नाही. पहाटे गार हवा जड असते, ती पाण्यासारखी ओढ्याच्या वाटेने खाली उतरते. ऊन उतरणीवर पडलं की तीच हवा तापून वर चढायला लागते, साधारण सकाळी नऊ-दहाला हा पालट होतो आणि मधला अर्धा-पाऊण तास हवा गोल-गोल फिरते, कुठंही जाते. संध्याकाळी उलटं, उतरणीवर सावली आली की हवा खाली सरकायला लागते, सूर्य मावळायची वाट बघत नाही. म्हणजे पहाटे वरून कळपाकडे जायचं नाही, तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. तेव्हा खालून किंवा आडव्या अंगाने जा आणि ऊन वर आल्यावर त्यांच्या वरच्या अंगाला या. मधल्या फिरत्या हवेत तर जागचे हलूच नका, बसून डबा खा. खिशात टॅल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा आणि दर दोन मिनिटांनी फुस्स करून बघा कुठं जातेय. वारा चुकीचा असेल तर समोर नर ओरडत असला तरी मागं फिरा, उद्या तो तिथंच सापडेल, आज पळवलात तर आठवडाभर तिकडं फिरकणार नाही.

ओरडण्यावरून आठवलं. माजाचा जोर सप्टेंबरच्या मध्यानंतर येतो, तेव्हा नर शीळ घातल्यासारखे ओरडतात, पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल. तुम्ही नराचा आवाज काढायच्या भानगडीत सध्या पडू नका, मादीचा हलका म्याव-म्याव आवाज शिका, डायफ्राम या तोंडात ठेवायच्या शिट्टीवर महिनाभर गाडीत प्रॅक्टिस केली की जमतो. चालताना काटकी मोडली तर एकदा तो आवाज काढा, निम्मा संशय जातो. आणि पहिल्या वर्षी नराचा हट्ट नको. तुमच्या लायसन्सवर मादी चालत असेल आणि ती २० यार्डांवर आडवी उभी राहिली तर तीच घ्या, शिंगांपायी हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नका.

६० यार्डांबद्दल. सपाट मैदानात, श्वास शांत असताना, फोमच्या टार्गेटवर ६० यार्ड ठीक आहे. पण बाण सेकंदाला २७५ फुटांच्या आसपास जातो, म्हणजे ६० यार्डांना जवळजवळ दोन तृतीयांश सेकंद लागतात आणि आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. तेवढ्यात एल्कने एक पाऊल पुढं टाकलं की फुफ्फुसावर धरलेला बाण पोटात. माझी मर्यादा ३५ यार्ड आहे, तुम्ही ३० ठेवा. बाण गोळीसारखा धक्का देऊन मारत नाही, तो कापतो आणि रक्त जाऊन प्राणी पडतो, म्हणून ब्रॉडहेडची (बाणाच्या पात्यांच्या टोकाची) धार दाढीच्या ब्लेडसारखी हवी आणि बाण दोन्ही फुफ्फुसांतून आरपार जायला हवा. प्राणी आडवा किंवा किंचित पाठ करून उभा असेल तरच सोडा, पुढचा पाय जिथं छातीला मिळतो त्याच्या लगेच मागं, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. समोरून, किंवा खांदा तुमच्याकडे तिरका असेल तर अजिबात नाही. कायद्याने कोलोरॅडोत बोचं ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) कमीत कमी ३५ पाउंड लागतं, पण एल्कसाठी ५० च्या पुढे आणि जड बाण बरा. प्रॅक्टिस पाठीवर बॅग घेऊन, गुडघ्यावर बसून, उतारावरून खाली अशी करा, जिने धावत चढून लगेच एक बाण मारा, कारण तिथं पहिलाच बाण असतो, दुसरा बहुतेक मिळत नाही.

बाण लागल्यावर काय करायचं हे मात्र मी एका मादीला हकनाक त्रास देऊन शिकलो. चौथं वर्ष होतं, संध्याकाळची वेळ, ३४ यार्ड, ती किंचित वळली आणि बाण दोन बोटं मागं लागला. रक्त गडद तांबडं, फेस नाही. ते कलेजीचं रक्त होतं आणि मला ते वाचून माहीत होतं, तरी अंधार पडतोय या घाईत मी ४० मिनिटांत माग काढायला निघालो. ती १५० यार्डांवर बसली होती, मला बघून उठली आणि दरीत उतरली. रात्रभर झोप नाही. सकाळी सापडली तेव्हा जमिनीकडच्या बाजूची मांडी आतून आंबट झाली होती, एक मांडी आणि फऱ्याचा बराच भाग फुकट गेला. तेव्हापासून घड्याळ लावतो. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, तरी अर्धा-पाऊण तास बसा. गडद असेल तर चार ते सहा तास. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर पोट, मग आठ-दहा तास, म्हणजे संध्याकाळी लागला तर सकाळीच. जखमी प्राण्याला उठवलं नाही तर तो बहुतेक जवळच मरतो. बाण लागला की लगेच, जिथं तो उभा होता आणि जिथं शेवटचा दिसला त्या दोन्ही जागांवर खूण बांधा, उत्तेजित मनाला झाडं सगळी सारखीच दिसतात.

प्राणी पडल्यावर आधी लायसन्सच्या टॅगवर (प्राण्याला लावायच्या चिठ्ठीवर) तारीख-सही, मग लगेच कातडं काढा. गळ्याचं आणि मांडीचं कातडं जाड असतं, आतली उष्णता तासन्‌तास टिकते आणि मांडीच्या सांध्याजवळ मटण आधी बिघडतं. पोट न उघडता एका कुशीवरून दोन्ही पाय, पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मटण काढायचं, मग उलटवून दुसरी बाजू, याचे व्हिडिओ भरपूर आहेत, चार-पाच वेळा बघा. मादी की नर याचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या चिकटलेला राहू द्यावा लागतो, तो कापून टाकू नका. कापडी पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगा, आणि तंबूपासून लांब, कारण अस्वलं आहेत. कोलोरॅडोत काळी अस्वलंच आहेत, वायोमिंग-मोंटानात गेलात तर ग्रिझली ही मोठी अस्वलं, तिथला हिशेब वेगळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना हंटर एज्युकेशन हा शिकारीचा कोर्स लागतो, तो आत्ताच करून टाका. सलग सहा महिने राहिल्याशिवाय रेसिडेंट लायसन्स नाही, तुमचं ते झालंय. रेसिडेंटला पश्चिमेकडच्या बऱ्याच युनिट्समध्ये (शिकारीसाठी आखलेल्या भागांत) आर्चरी म्हणजे धनुष्याचं एल्क लायसन्स अजून सरळ विकत मिळतं, पण २०२५ पासून बाहेरच्या राज्यातल्यांना तिथं ड्रॉमधूनच (सोडतीतून) यावं लागतं, बाहेरच्या राज्यातला कोणी मित्र सोबत येणार असेल तर त्याला हे सांगा. म्युल डिअर (इथलं दुसरं हरीण) हवं असेल तर तुम्हालाही एप्रिलच्या सुरुवातीच्या मुदतीआधी ड्रॉला अर्ज करावा लागेल. एच-१बीवर असणाऱ्यांना बंदुकीचे फेडरल नियम घाबरवतात, धनुष्य त्या कायद्यात येतच नाही. नकाशाच्या ॲपमध्ये जमिनीचा मालक बघत चला, इथं पाटी किंवा कुंपण नसलं तरी खाजगी जमिनीत परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि स्टेट ट्रस्ट लँड सरकारी असली तरी सगळी खुली नसते.

आता जागा. नेमकी दरी मी सांगणार नाही, राग मानू नका, ती माझ्या एकट्याची नाहीये. पण फ्लॅट टॉप्समध्ये पहिल्या वर्षी जायचं असेल तर पठारावर न जाता कडेच्या उतरणी बघा, जिथं ॲस्पेनची पानझडी झाडं संपून सूचिपर्णींचं काळं जंगल सुरू होतं ती रेषा. एकट्याने जाऊ नका, कोणी नाहीच मिळालं तर सॅटेलाइट मेसेंजर घ्या आणि बायकोला जागेची पिन पाठवून ठेवा. दुपारी ढग जमले की उघड्या धारेवरून खाली उतरा, विजा तिथं खरोखर पडतात. मटण मिळालं तर डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला द्या, हा हरणांचा मेंदूचा रोग १९६७ मध्ये इथंच फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा दिसला होता, रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, खाऊ नका. मग कुकरमध्ये जरा जास्त शिट्ट्या, चरबी फारच कमी असते म्हणून तेल थोडं सढळ हाताने, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण.

ऑगस्टच्या मध्यावर मी एक वीकेंड वर जाणारच आहे. २५ किलोची बॅग भरून सोबत या, दोन मैल आत आणि दोन मैल बाहेर. सकाळी नऊच्या सुमाराला पावडर उडवून हवा कशी पालटते ते तुम्हाला तिथंच दाखवतो.