एखाद्या डॉक्टरांच्या नावावर स्ट्रोकवरचे दीडशेच्या वर शोधनिबंध असतील, तर ते मोठे संशोधक समजावेत का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय, पुढच्या उपचारांसाठी एका न्यूरॉलॉजिस्टचं नाव कुणीतरी सुचवलंय आणि पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, त्यांच्या नावाखाली मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांवरचे दीडशेहून जास्त निबंध दिसतात. नुसत्या या आकड्यावरून त्यांना मोठं म्हणू नका, छोटंही म्हणू नका. स्ट्रोक युनिटमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. अशा याद्या कशा वाढतात ते मी जवळून पाहिलंय.

रुग्णांची एकच रजिस्ट्री, म्हणजे माहितीची नोंदवही असते. तिच्यातून मधुमेहींवर एक निबंध निघतो, तरुण रुग्णांवर दुसरा, रक्तदाबावर तिसरा. माहिती तीच, कोष्टकं वेगळी. विभागप्रमुखांचं नाव शेवटचा लेखक म्हणून प्रत्येकावर असतंच. जगभरातल्या आजारांच्या ओझ्यावर जे प्रचंड निबंध निघतात, त्यांत शेकडो सहलेखक असतात आणि त्यातला प्रत्येक जण तो निबंध आपल्या यादीत धरतो. मोठ्या चाचणीत एखाद्या केंद्राने थोडे रुग्ण दिले तरी तिथल्या डॉक्टरांचं नाव सहयोगी म्हणून पबमेडवर येतं. निबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले यावरून संशोधक मोजणारा एच-इंडेक्स हा प्रकार हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला, पण तुमचा वाटा पहिल्या लेखकाचा होता की चाळिसाव्या, हे त्यातही कळत नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

आमच्याकडे एका औषधाची चाचणी सुरू होती. झटक्यानंतर लवकर दिलं तर अपंगत्व कमी राहतं का, एवढाच प्रश्न. ९० दिवसांनी रुग्णाला फोन करून रँकिन स्केलवर, म्हणजे अपंगत्व मोजण्याच्या पट्टीवर, गुण देणं हे माझं काम. ० म्हणजे काहीच तक्रार नाही, ६ म्हणजे मृत्यू. सगळी ओढाताण २ आणि ३ मध्ये असते. २ म्हणजे माणूस आपलं आपण निभावतो, ३ म्हणजे चालतो पण कुणाची तरी मदत लागते. एका आजींना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आठवडाभर घरी कुणीच नसेल तर तुमचं तुम्हाला जमेल का?"

"न जमायला काय झालं? जमेल की!"

मागून मुलाचा आवाज आला, "आई, गोळ्या कोण काढून देतं तुला? ब्लाउजची बटणं कोण लावतं?"

आजी थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "लिहा बाई, मदत लागते म्हणून." मी ३ लिहिले. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "त्या औषधाचा उपयोग होतो की नाही ते कळलं की सांगाल ना?" मी हो म्हटलं.

निकाल आला. औषध आणि प्लासिबो (तुलनेसाठी दिलेलं, औषध नसलेलं खोटं औषध) यांत काहीच फरक नव्हता. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "निगेटिव्ह रिझल्टचा पेपर होत नसतो. यात छापण्यासारखं काय आहे?" फाइल कपाटात गेली. ज्या ज्युनियर डॉक्टरने ती चाचणी अक्षरशः पोटच्या पोरासारखी सांभाळली होती, तो मात्र सोडेना. रात्रपाळी संपवून लिहीत बसायचा. काही जर्नल्सनी नाही म्हटल्यावर एका छोट्या जर्नलमध्ये निबंध एकदाचा आला. पुढे कायम पदासाठी मुलाखती झाल्या तेव्हा त्याची यादी आखूड ठरली. ज्याची निवड झाली त्याच्या यादीत त्याच रजिस्ट्रीचे तुकडे होते. मी सरांना विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "शेवटी आकडा बोलतो."

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देते. हेन्री बार्नेट हे कॅनडातले न्यूरॉलॉजिस्ट. कवटीबाहेरची रक्तवाहिनी मेंदूच्या रक्तवाहिनीला जोडण्याची बायपास शस्त्रक्रिया तेव्हा जगभर होत होती आणि तिचा फायदा होतो असं सगळे धरून चालले होते. बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली १,३७७ रुग्णांवर तिची रँडमाइज्ड चाचणी झाली, म्हणजे शस्त्रक्रिया कुणाला करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. १९८५ मध्ये निकाल छापून आला: ९६ टक्के जोड उघडे राहिले होते, शल्यचिकित्सकांचं काम चोख होतं, तरी झटके कमी झाले नव्हते. सर्जन मंडळींनी त्यांच्यावर भरपूर टीका केली. त्याच माणसाने पुढे मानेतली कॅरोटिड धमनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेची चाचणी केली. १९९१ चा तो निकाल मात्र स्पष्ट होता. धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या आणि आधी लक्षणं येऊन गेलेल्या रुग्णांत, त्याच बाजूच्या झटक्याचं दोन वर्षांतलं प्रमाण २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. पहिला निकाल त्यांनी कपाटात ठेवला असता, तर दुसऱ्या निकालावर कुणी कशाला विश्वास ठेवला असता?

२०१३ चंही तेच. रक्ताची गुठळी नळीवाटे बाहेर काढण्यावरचे तीन अभ्यास एकाच वेळी छापून आले आणि तिन्हींत फायदा दिसला नाही. ते छापले गेले म्हणूनच कुठे चुकतंय ते कळलं. उपकरणं जुनी होती, वेळ फार जात होता, मोठी रक्तवाहिनी खरोखर बंद आहे का हे काही अभ्यासांत आधी स्कॅनवर सगळ्यांचं तपासलेलं नव्हतं. नेदरलँड्समधल्या मिस्टर क्लीन चाचणीने ५०० रुग्ण घेतले, रक्तवाहिनी बंद असल्याची खात्री करूनच घेतले. २०१५ च्या त्या निबंधात तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे असलेले रुग्ण ३२.६ टक्के होते, नुसत्या नेहमीच्या उपचारात १९.१ टक्के. आज थ्रोम्बेक्टॉमीने, म्हणजे गुठळी अशी बाहेर काढण्याने, जी माणसं चालत घरी जातात, त्यांच्यामागे ते तीन 'फसलेले' पेपर आहेत. सरांच्या हिशोबाने ते छापायलाच नको होते.

म्हणून तुम्ही त्या डॉक्टरांची यादी उघडलीच आहे, तर आकडा सोडा आणि त्यांचं नाव क्लिनिकल ट्रायल्सच्या रजिस्ट्रीत, म्हणजे चाचण्यांची आधीच नोंद होते त्या ऑनलाइन यादीत, टाका. २००५ पासून मोठी वैद्यकीय जर्नल्स आधी नोंदणी न केलेली चाचणी छापत नाहीत, त्यामुळे काय सुरू केलं होतं ते तिथे दिसतं. संपलेल्या चाचण्यांचे निकाल बाहेर आले का? आधी जे मोजू म्हटलं होतं तेच मोजलं, की निकाल बघून मोजमाप बदललं? पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून त्यांचे निबंध कुठले? अपेक्षेविरुद्ध निकाल आलेला एक तरी निबंध त्यांनी स्वतःच्या नावाने छापलाय का? असेल, तर माझ्या लेखी तो त्या दीडशेंपेक्षा जड आहे. ज्यांनी सही करून स्वतःचं शरीर अभ्यासाला दिलं, त्यांना उत्तर मिळायलाच हवं, ते नकारार्थी असलं तरी.

एकाच नावाचे दोन-तीन डॉक्टर पबमेडवर सर्रास एकत्र येतात, तेव्हा ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर तो जुळवून बघा. आणि केस रिपोर्टना, म्हणजे एखाद-दुसऱ्या रुग्णावरच्या छोट्या निबंधांना, मी कमी लेखतेय असं समजू नका. मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये मोजक्याच रुग्णांवरून मानेतल्या धमनीचा आणि झटक्याचा संबंध मांडला होता. बार्नेट यांची १९९१ ची चाचणी त्याच धमनीवर झाली.

राहिला वडिलांचा प्रश्न. उत्तम संशोधक उत्तम उपचार करतोच असं नाही आणि एकही निबंध न लिहिलेले, रुग्णाला जपणारे फार चांगले न्यूरॉलॉजिस्ट मी पाहिलेत. झटका कशामुळे आला हे त्यांनी शोधलं का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे तपासलं का, मानेच्या धमन्यांचा स्कॅन केला का, रक्तदाब किती ठेवायचा ते सांगितलं का, फिजिओथेरपी सुरू करून दिली का, हे विचारा. उत्तरं नीट मिळाली तर खुशाल त्यांच्याकडेच न्या.

फक्त पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात गळून पडला किंवा बोलणं अडखळलं, तर त्यांची वाट बघत बसू नका. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन जिथे रात्रंदिवस मिळतं असं जवळचं हॉस्पिटल आत्ताच शोधून ठेवा. निघताना वडील शेवटचे ठीकठाक किती वाजता दिसले होते ते कागदावर लिहून घ्या, तिथले डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतील.