व्हीएनसी फक्त लोकलहोस्टवर ठेवलंय आणि एसएसएचमधून जोडतो, तरी युनिक्स सॉकेट कशाला हवं?

तुम्ही लिहिलंय की चारपाच जणांच्या सामायिक लिनक्स सर्व्हरवर तुमचं व्हीएनसी (मशीनचा डेस्कटॉप दुरून वापरायची सोय) १२७.०.०.१ वरच, म्हणजे लोकलहोस्ट या मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावरच ऐकतं, बाहेरून तुम्ही एसएसएचच्या (सुरक्षित दूरस्थ लॉगिनच्या) बोगद्यातूनच येता, मग आणखी युनिक्स सॉकेटचा खटाटोप का करायचा? मशीन तुमच्या एकट्याचं असतं तर मीही म्हटलं असतं, आहे तसंच राहू द्या. पण ते सामायिक आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

१२७.०.०.१ हा पत्ता मशीनचा आहे, तुमचा नाही. त्या मशीनवर ज्याचं ज्याचं खातं आहे, त्या प्रत्येकाला तुमचा ५९०१ पोर्ट उघडा दिसतो. टीसीपी पोर्टाला फाइलसारख्या परवानग्या नसतात, त्यामुळे जोडू पाहणारा कोण आहे हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, विचारत नाही. मग उरतो फक्त व्हीएनसीचा पासवर्ड. व्हीएनसीची जुनी, अजूनही सर्रास वापरली जाणारी पद्धत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरते. तुम्ही वीस अक्षरांचा ठेवलात तरी पुढची बारा वाया जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. अशाच एका मशीनवर काम करताना मी घाईत ५९०३ ऐवजी ५९०२ टाकलं आणि समोर सहकाऱ्याचा डेस्कटॉप उघडला, त्याच्या मेलसकट. त्याने पासवर्ड ठेवलाच नव्हता, कारण 'बाहेरून कुणी येऊच शकत नाही'. मी लगेच बंद करून त्याला सांगितलं. त्याचा चेहरा अजून आठवतो. माझंही सेशन त्याला तितक्याच सहज सापडलं असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

युनिक्स सॉकेट ही फाइलसिस्टिममधली एक नोंद असते, एकाच मशीनवरचे प्रोग्राम पोर्टाऐवजी तिच्यातून बोलतात. तिला मालक असतो, परवानग्या असतात. लिनक्सवर तिला जोडायचं तर त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते, त्यामुळे ०६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) ठेवलं की दुसऱ्या सामान्य वापरकर्त्याला कर्नलच दारात अडवतो. पासवर्डापर्यंत गोष्ट जातच नाही. काही जुन्या बीएसडी प्रणाली मात्र सॉकेटच्या परवानग्यांकडे दुर्लक्ष करायच्या, म्हणून ज्या डिरेक्टरीत सॉकेट ठेवता तीही ०७०० (प्रवेश फक्त मालकाला) असू द्या. सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) असेल तर रन-युजरखाली तुमच्या यूआयडीची (वापरकर्ता क्रमांकाची) डिरेक्टरी आयती तशीच मिळते. टेंप डिरेक्टरीत ठेवू नका, ती सगळ्यांची जागा आहे.

टायगरव्हीएनसी या व्हीएनसी प्रोग्राममध्ये 'आरएफबीयुनिक्सपाथ' या पर्यायाला सॉकेटचा मार्ग द्यायचा. परवानगी मुळातच ०६०० असते. क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामलाही व्हीएनसीसाठी असा मार्ग देता येतो. त्यानंतर 'एसएस' कमांड चालवून ५९०१ ऐकणाऱ्या पोर्टांच्या यादीत उरलेला नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सॉकेटही चालू आणि पोर्टही चालू अशी अवस्था राहिली तर केलेली सगळी मेहनत फुकट.

बोगद्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये ६.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, बोगदा उघडणाऱ्या मोठ्या एलच्या (-L) पर्यायात पलीकडच्या बाजूला पोर्टाऐवजी सॉकेटचा पूर्ण मार्ग देता येतो. सर्व्हरवर ही जोडणी तुमच्याच यूआयडीने होते, म्हणून ०६०० चा अडसर तुम्हाला लागत नाही, बाकीच्यांना लागतो. मला या रचनेत सर्वांत आवडतं ते हेच. तुमची ओळख एसएसएचच्या किल्लीने एकदा पटली की तीच शेवटपर्यंत पुरते, आठ अक्षरांच्या पासवर्डावर काहीच अवलंबून राहत नाही.

अलीकडच्या टोकाकडेही बघा. तुमच्या लॅपटॉपवर उघडणारा ५९०१ हाही लोकलहोस्टच. लॅपटॉप दुसरं कुणी वापरत नसेल तर सोडून द्या. वापरत असेल तर तिकडेही सॉकेटच द्या. लिनक्सवरच्या टायगरव्हीएनसीच्या व्ह्यूअरला पत्त्याच्या जागी सॉकेटचा मार्ग चालतो.

अडचणी दोनच ठिकाणी येतात, पण नेमक्या कामाच्या वेळी. बोगदा अचानक तुटला की अलीकडची सॉकेट फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी एसएसएच ती जागा वापरात असल्याचं सांगून फॉरवर्डिंग नाकारतं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये 'स्ट्रीमलोकलबाइंडअनलिंक'ला 'येस' केलं की जुनी फाइल आपोआप काढली जाते. दुसरं म्हणजे, तुमचं शेवटचं लॉगिन संपलं की रन-युजरखालची ती डिरेक्टरीच पुसली जाते, सॉकेटसकट. व्हीएनसी मागे चालू राहायला हवं असेल तर लॉगिनसीटीएलने तुमच्या खात्याला 'लिंगर' (लॉगिन संपल्यावरही खात्याच्या सेवा चालू ठेवणं) चालू करा. मार्गही आटोपशीर ठेवा, लिनक्सवर त्याला १०८ बाइटांची मर्यादा आहे.

रूटपासून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यापासून, मात्र यातलं काहीच वाचवत नाही. त्या सर्व्हरवर 'सुडो' (रूटचे अधिकार वापरायची मुभा) कुणाकुणाला आहे ते आधी विचारून घ्या. चौघांनाही असेल तर वेगळं मशीन मागा.